लाइन आल्यावरची पहिली पावती

प्रोजेक्टच्या व्हायवाला एक्स्टर्नल काय काय विचारतात? डेटाबेस कोणता घेतला, नॉर्मलायझेशन कितव्या फॉर्मपर्यंत केलं, ईआर डायग्राम कुठाय, फ्युचर स्कोप काय... 'तुमचा प्रोग्रॅम उघडायला किती वेळ लागतो?' हा प्रश्न मी विद्यार्थी असताना मला कुणी विचारला नाही. आता मीच एक्स्टर्नल म्हणून गावोगावच्या कॉलेजांत जातो तेव्हा तो हमखास विचारतो. पोरं एकमेकांकडे बघतात. डबल क्लिक केलं की उघडतोच की, सर! हो, उघडतोच. पण केव्हा?

हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकाने नाही, वरवट बकालने शिकवला.

वरवट बकाल हे आमचं गाव. जिल्हा बुलडाणा, तालुका संग्रामपूर. शेगावला रेल्वेतून उतरायचं आणि एसटी धरायची. उत्तरेला सातपुडा. तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात येतो. म्हणजे जमिनीखाली पाणी आहे, पण ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही धड चालत नाही. त्यामुळे भिस्त आभाळावर. कापूस, सोयाबीन, तूर, मूग, उडीद. मृगाचा पाऊस पडला की दोन-चार दिवसांत सगळ्या गावाला एकाच वेळी बियाणं पाहिजे असतं. वर्षभर माशा मारणारं कृषी केंद्र त्या चार दिवसांत शेगावच्या गाडीसारखं भरतं.

असं एक केंद्र माझ्या काकांचं. २००६ च्या उन्हाळ्यात मी तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आलो आणि काकांच्या दुकानासाठी बिलाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. आधी त्यांच्याकडे फॉक्सप्रोमधला एक काळ्या पडद्याचा प्रोग्रॅम होता. चालायचा छान, उघडायचाही चटकन, पण सगळी नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये. आमच्या गावात एका नावाचे तीन-तीन माणसं. इंग्रजीत लिहिलं की त्यांचे पाच होतात! काकांना नावं मराठीतच पाहिजे होती. व्हीबी सिक्सच्या टेक्स्टबॉक्सला युनिकोड कळत नव्हतं. डॉटनेटला कळत होतं, एक्सपीत मंगल फॉन्ट होताच, आणि व्हिज्युअल सी शार्पची २००५ ची एक्स्प्रेस आवृत्ती त्याच एप्रिलमध्ये कायमची फुकट झाली होती. इंजिनिअरिंगच्या पोराला एवढी तीन कारणं पुष्कळ होतात.

प्रोग्रॅम झाला. खातेदार, उधारी, स्टॉक, आणि मुख्य म्हणजे बिल. बिलावर वाणाचं नाव, कंपनी, लॉट नंबर, वजन. हा लॉट नंबर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. होस्टेलवरच्या मित्राच्या असेंबल्ड मशीनवर, ५१२ एमबी रॅममध्ये, तो तीन-चार सेकंदांत उघडायचा. सगळे खूश.

दुकानातलं मशीन वेगळं होतं. सेलेरॉन, १२८ एमबी, आणि एक हार्ड डिस्क जिचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. पण खरा फरक मशीनचा नव्हता, लाइनचा होता. (आमच्याकडे 'लाइट गेले' म्हणत नाहीत, 'लाइन गेली' म्हणतात.) ती भारनियमनाची वर्षं होती. वेळापत्रकाने जायची ती जायचीच, शिवाय पावसाचा थेंब पडला की वेळापत्रकाबाहेर जायची. यूपीएस होता. त्याची बॅटरी मेलेली होती, आणि जिवंत असती तरी दहा-पंधरा मिनिटं! लाइन जायची ती तासांच्या हिशेबात.

शहरातल्या ऑफिसात प्रोग्रॅम सकाळी एकदा उघडतो आणि संध्याकाळी बंद होतो. तो उघडायला एक मिनिट लागलं तर लागलं, तेवढ्यात साहेब चहा घेतात. काकांच्या दुकानात तोच प्रोग्रॅम पेरणीच्या दिवसात पाच-सहा वेळा उघडायचा, आणि दर वेळी गार मशीनवर. लाइन आल्या आल्या, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा ओट्यावर सगळ्यात जास्त माणसं थांबलेली असत. विंडोज सुरू होईपर्यंत लोक दम धरायचे. डेस्कटॉप दिसला की मात्र सगळ्यांना वाटायचं, झालं, कम्प्युटर चालू झाला. आणि तिथून पुढे माझ्या प्रोग्रॅमची खिडकी यायला ५५ सेकंद.

५५ सेकंद म्हणजे काय ते मोजून बघा. घड्याळाकडे बघत गप्प बसा. त्यात समोर बारा माणसं उभी आहेत, प्रत्येकाची बैलजोडी किंवा भाड्याचा ट्रॅक्टर वावरात थांबलाय आणि आभाळ पुन्हा भरून येतंय असं धरा.

"अबे, हा तुहा डबा उघडते का मी उघडू याले?" असं काका एकदा म्हणाले. पण ते नुसतं म्हणण्यापुरतं. त्यांनी दुसरा मार्ग काढला होता. कच्च्या चिठ्ठ्यांचं एक पॅड काउंटरवर आलं. लाइन नसताना चिठ्ठी आणि लाइन आल्यावरही, खिडकी उघडेपर्यंत, चिठ्ठीच. 'पक्कं बिल उद्या घेऊन जाय.' उद्या कोण येतो? पेरणीत?

त्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एकाने सोयाबीनच्या दोन बॅगा नेल्या. पेरल्या, पाऊस बरा झाला, आणि दहा दिवसांनी तासात बोटाएवढ्या अंतरावर दिसायला पाहिजे ते रोप हाताएवढ्या अंतरावर दिसत होतं. उगवण झाली नव्हती. अशा वेळी तालुक्याला तक्रार करता येते, कृषी खात्याचे लोक येऊन वावर बघतात. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा आहे, त्यात विक्रेत्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल द्यायचं सांगितलंय ते याच्यासाठी. पेरणीनंतर बिल, पिशवीचं लेबल आणि मूठभर बियाणं जपून ठेवा असं दरवर्षी सांगतातही. त्या माणसाच्या पिशव्या पावसात भिजून फाटल्या होत्या, आणि घरातल्या देवाच्या फोटोमागून त्याने जो कागद काढला त्यावर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: सोया २ बॅग, आणि खाली रक्कम. लॉट नंबर नाही. त्या आठवड्यात दुकानात एकाच वाणाचे तीन लॉट विकले गेले होते. कंपनीचा माणूस आला, त्याने एकच प्रश्न विचारला, कोणता लॉट? आणि तो गेला.

काकांनी त्याच्या उधारीतून एका बॅगेची रक्कम कमी केली. दुबार पेरणीचं बियाणं त्याने दुसऱ्या दुकानातून नेलं, आणि त्याबद्दल काकांना वाईट वाटलं नाही, म्हणजे वाटलं असेल तरी बोलले नाहीत.

आता थोडं टेक्निकल. सिव्हिलवाल्यांनी घाबरू नये, स्वयंपाकघरातूनच जाणार आहोत.

टर्बो सीमध्ये आपण कंट्रोल एफनाइन मारतो तेव्हा कम्पायलर आपला कोड थेट प्रोसेसरच्या भाषेत नेऊन ठेवतो. सी शार्पचा कम्पायलर तसं करत नाही. तो कोड एका मधल्या भाषेत नेतो, तिला आयएल म्हणतात. जावाचा बाइटकोड म्हणजे तिची चुलत बहीण. ही मधली भाषा कुठल्याच प्रोसेसरला समजत नाही. प्रोग्रॅम सुरू झाला की जस्ट-इन-टाइम कम्पायलर, म्हणजे जिट, एकेक मेथडला पहिल्यांदा हाक मारली जाते तसतशी ती भाषांतरित करत जातो. एकदा केलेलं भाषांतर मेमरीत राहतं, त्यामुळे दुसऱ्या हाकेला वेळ लागत नाही. पण प्रोग्रॅम बंद झाला की सगळं विसरलं. पुढच्या वेळी पहिल्यापासून! आणि प्रोग्रॅम सुरू होताना नेमक्या सगळ्याच मेथडना पहिली हाक मारली जात असते. म्हणून जिटचा भार सगळा दारातच पडतो, आत गेल्यावर फारसा जाणवत नाही.

आता कुरडई घ्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, तो शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्याने पाडायचा आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात कडक वाळवायचा. एवढा उपद्व्याप आपल्या आया-काक्या उन्हाळ्यातच का करतात? कारण तेव्हा ऊन आहे, हाताला सवड आहे आणि दारात पाहुणा नाही. श्रावणात पाहुणा आला की तेल तापवायचं, टाकली की फुलली. जिट म्हणजे पाहुणा पाटावर बसल्यावर गहू भिजत घालणं. आणि प्रीकम्पायलेशन म्हणजे वाळवण. काम तेवढंच आहे, किंबहुना थोडं जास्तच. फक्त कुणी वाट बघत नसताना उरकून ठेवायचं.

डॉटनेटमध्ये हे वाळवण घालायचं हत्यार पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे २००२ पासून होतं. त्याचं नाव एनजेन, नेटिव्ह इमेज जनरेटर. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, विंडोजच्या फोल्डरमधल्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या फोल्डरमध्ये जायचं आणि एनजेन इन्स्टॉल म्हणून आपल्या प्रोग्रॅमचं नाव द्यायचं. तो आयएलचं भाषांतर प्रोसेसरच्या भाषेत करून डिस्कवर एका खास जागी ठेवून देतो. पुढे प्रोग्रॅम सुरू झाला की फ्रेमवर्क आधी तिथे बघतं, तयार माल असेल तर तो उचलतं, नसेल तर जिटला उठवतं. गंमत म्हणजे फ्रेमवर्क स्वतःच्या मोठमोठ्या डीएलएलचं असं वाळवण इन्स्टॉलेशनच्या वेळीच घालून ठेवतं. खुद्द त्याला जर जिटवर भरवसा नाही, तर...

दिवाळीच्या सुट्टीत मी एनजेन मारलं. आकडे माझ्या जर्नलच्या मागच्या पानावर होते, अजून आहेत. आधी: गार मशीनवर ५५ सेकंद, आणि एकदा बंद करून लगेच पुन्हा उघडला तर १२. एनजेननंतर: लगेच उघडल्यावर ५. वा! आणि गार मशीनवर... ४९.

इथे थोडं थांबायला पाहिजे, कारण विषयाची खरी गाठ इथे आहे आणि बऱ्याच लेखांत ती सोडून देतात. गरम सुरुवात आणि गार सुरुवात हे दोन वेगळे आजार आहेत. प्रोग्रॅम नुकताच बंद केला असेल तर त्याच्या फायली अजून विंडोजच्या मेमरीत असतात, डिस्ककडे फारसं जावं लागत नाही. तिथे वेळ खातो तो प्रोसेसर, म्हणजे जिट. त्यावर एनजेन रामबाण. पण लाइन येऊन मशीन नुकतं उठलं असेल तर मेमरी कोरी असते आणि एकेक पान डिस्कवरून आणावं लागतं. तिथे वेळ खाते ती डिस्क. आणि वाळवणाला जागा जास्त लागते हे माळ्यावरचे डबे बघितलेल्या कुणालाही माहीत आहे! एनजेनची नेटिव्ह इमेज मूळ आयएलपेक्षा चांगली मोठी असते. शिवाय मूळ फाइलही लागते ती लागतेच. म्हणजे डिस्कवरून आणायचा बोजा वाढतो. एखाद्या प्रोग्रॅमची गार सुरुवात एनजेनने उलट मंदावूही शकते. माझी सहा सेकंदांनी सुधारली, हे नशीब.

मग हार्ड डिस्क एवढी खरखरतेय ती कशासाठी, हे बघायचं ठरवलं. टास्क मॅनेजर उघडा ठेवून प्रोग्रॅम सुरू केला. मध्येच यादीत एक नाव चमकलं आणि गेलं. पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा सुरू. पुन्हा तेच. सीएससी डॉट इएक्सई. माझा विश्वास बसेना. सीएससी म्हणजे सी शार्पचा कम्पायलर. जिट नव्हे, अख्खा मूळ कम्पायलर! वरवट बकालच्या कृषी केंद्रात, बियाण्याच्या बॅगांमध्ये, गिऱ्हाइकासमोर, बिलाच्या प्रोग्रॅममधून कम्पायलर चालत होता. तो कुणी बोलावला?

फाइलमॉन नावाचं एक छोटं टूल तेव्हा फुकट मिळायचं. कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलला हात लावतो ते ओळीने दाखवायचं. त्यात चित्र स्पष्ट झालं. त्या काळी सगळेच ठेवत तसे दुकानाचे सेटिंग, म्हणजे नाव, पत्ता, लायसन्स नंबर, प्रिंटरचा कागद, मी एक्सएमएल फाइलमध्ये ठेवले होते, आणि ती वाचायला फ्रेमवर्कमधला एक्सएमएल सीरियलायझर वापरला होता. दोन ओळींचं काम. पण हा सीरियलायझर आतून काय करतो? आपला क्लास बघतो, त्याला वाचायला-लिहायला सोयीचा असा सी शार्पचा कोड स्वतः लिहितो, तो टेंपररी फोल्डरमध्ये ठेवतो, कम्पायलर बोलावतो, डीएलएल बनवतो, ती लोड करतो आणि मग फायली पुसून टाकतो. प्रत्येक वेळी. पाच ओळींचा पत्ता वाचण्यासाठी! कम्पायलर स्वतःच भलाथोरला, तो डिस्कवरून यायचा, टेंपररी फायली लिहायच्या, अँटिव्हायरस त्या प्रत्येकीला हुंगून बघायचा... आणि एवढ्यातून तयार झालेल्या डीएलएलला एनजेन झालेलं नसल्यामुळे शेवटी जिटही उठायचा.

याच्यावरही वाळवण होतं. डॉटनेटच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर, म्हणजे २००५ च्या नोव्हेंबरपासून, एसजेन नावाचं टूल आलं होतं. ते हीच सीरियलायझरची डीएलएल आपल्या मशीनवर, आधीच, बनवून देतं. ती प्रोग्रॅमबरोबर ठेवायची. मग तिच्यावरही एनजेन. आता प्रोग्रॅम सुरू होताना लागणारा सगळाच्या सगळा कोड आधीच तयार. आणि याचा एक वेगळाच फायदा असतो. जिटची गरजच पडली नाही तर जिटची स्वतःची डीएलएल डिस्कवरून आणायची वेळ येत नाही. आठ आणे काम वाळवून ठेवलं तर आठ आणे फायदा होत नाही. शेवटचा आणा वाळला की चूलच पेटवावी लागत नाही.

पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा स्टॉपवॉच. गार मशीनवर २७.

आणखी एक बारीक गोष्ट. माझ्या तीन डीएलएल होत्या आणि कम्पायलर, आपण काही सांगितलं नाही तर, प्रत्येकीला मेमरीत एकच पत्ता देऊन ठेवतो. खुद्द इएक्सई त्याच पत्त्यावर बसते. शेगाव स्टँडवर एका सीटवर चार जणांनी खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं. मग लोडर एकेकीला उठवून दुसरीकडे बसवतो आणि आतले पत्ते दुरुस्त करत बसतो. प्रत्येकीला वेगळा बेस अ‍ॅड्रेस दिला, पुन्हा एनजेन केलं, एखाद-दुसरा सेकंद वाचला. मग रिपोर्टचा आणि स्टॉकचा भाग खिडकी दिसल्यानंतर लोड होईल असं केलं. तो प्रीकम्पायलेशनचा विषय नाही, म्हणून सोडतो. शेवटचा आकडा १८ होता.

अठरा सेकंद. आजच्या पोरांना हसू येईल. पण २००७ च्या जूनमध्ये मी आठ दिवस दुकानात बसलो होतो. लाइन आली, मशीन उठलं, डेस्कटॉप दिसला, काकांनी डबल क्लिक केलं आणि पहिल्या गिऱ्हाइकाला 'काय देऊ बाप्पा?' विचारून त्याने बीटीची चार पाकिटं सांगेपर्यंत खिडकी आलेली असे. काकांनी मला शाबासकी वगैरे दिली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. फक्त तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की कच्च्या चिठ्ठ्यांचं पॅड काउंटरवर नाही. ते आतल्या खोलीत तराजूखाली, पाय समतल करायला लावलं होतं. लाइन नसताना काका आता गिऱ्हाइकाला लॉट नंबरसकट वहीत उतरवून घेत आणि लाइन आली की आधी ती बिलं काढत. आदल्या वर्षीचा तो सोयाबीनवालाही त्या वर्षी आला. बिल घेतलं, दोन वेळा घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. लॉट नंबर त्याने वाचला की नाही, मी पाहिलं नाही.

आता वाळवणाचा दुसरा दोष. ते सादळतं!

२००८ मध्ये कधीतरी काकांचा फोन: "बाबू, तुहं मशीन पुन्हा पह्यल्यासारखं करून रायलं." काय झालं होतं? कुणीतरी दुसऱ्या कामासाठी सीडीवरून नवं डॉटनेट ३.५ टाकलं होतं. त्याच्यासोबत जुन्या २.० चा सर्व्हिस पॅक येतो आणि फ्रेमवर्कच्या डीएलएल बदलतात. एनजेनने केलेला माल त्या जुन्या डीएलएलच्या मापाने शिवलेला असतो. माप बदललं की तो बाद. प्रोग्रॅम बंद पडत नाही, चुकीचा चालत नाही, गुपचूप जिटवर जातो. म्हणून कळतही नाही. फक्त हळू होतं.

याची सोय नाही असं नाही. आवृत्ती दोनपासून एनजेनची एक सर्व्हिस पाठीमागे चालते. बाद झालेला माल रांगेत लावायचा आणि मशीन रिकामं असेल तेव्हा पुन्हा करून ठेवायचा, ही तिची पद्धत. फार शहाणपणाची योजना. पण मशीन रिकामं केव्हा असतं? जिथे चोवीस तास लाइन आहे तिथे रात्री, जेवणाच्या सुट्टीत, साहेब मीटिंगला गेले की. काकांच्या दुकानात लाइन असली की मशीनवर काम चाले आणि काम नसलं की लाइन नसे! चालू पण रिकामं अशी अवस्था त्या मशीनच्या आयुष्यात येतच नव्हती. रांग तशीच पडून.

ही रांग जबरदस्तीने उपसायची एक कमांड आहे. ती आणि एनजेन अपडेट अशा दोन ओळी एका बॅच फाइलमध्ये घालून मी मेलने पाठवल्या, सायबर कॅफेवाल्याने त्या फ्लॉपीवर दिल्या. फाइलला नाव दिलं कुरडई डॉट बॅट. काकांना सांगितलं, प्रोग्रॅम सुस्त वाटला तर रात्री दुकान बंद करायच्या आधी ही चालवा. "काकूले सांगू का?" एवढंच ते म्हणाले.

तेव्हा सिस्टीम प्रोग्रॅमिंगला आम्हाला ढमढेरे सरांचं पुस्तक होतं. आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे, कम्पायलरच्या क्षेत्रात ज्यांचं संशोधन जगभर वाचलं जातं. त्या पुस्तकात बाइंडिंग नावाचा एक भाग आहे. एखादी गोष्ट केव्हा पक्की ठरवायची, कम्पाइल करताना, लोड करताना की चालताना? लवकर ठरवली तर वेग मिळतो, उशिरा ठरवली तर मोकळीक मिळते. परीक्षेला हे पाच मार्कांना यायचं आणि आम्ही ते पाच मार्कांइतकंच वाचलं होतं. एनजेन म्हणजे लवकर ठरवणं, जिट म्हणजे उशिरा ठरवणं, आणि सर्व्हिस पॅक म्हणजे लवकर ठरवल्याची किंमत. पुस्तकात नव्हता तो एकच मुद्दा: ठरवायचं काम उशिरावर टाकलं की त्याचं बिल प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला येत नाही, ओट्यावर उभ्या असलेल्याला येतं.

पुढे जे झालं ते तुम्ही रोज खिशात घेऊन फिरता. अँड्रॉइडवर २०१० पासून, आवृत्ती २.२ पासून, जिट होता. २०१४ च्या ५.० मध्ये तो काढून एआरटी आणला, जो अ‍ॅप इन्स्टॉल करतानाच सगळं भाषांतर उरकायचा. अपडेटनंतर फोन 'ऑप्टिमाइझिंग अ‍ॅप' म्हणत एकेक आकडा मोजत बसायचा ते हेच वाळवण. जागा जास्त लागते आणि इन्स्टॉलला वेळ जातो म्हणून २०१६ च्या ७.० पासून मधला मार्ग निघाला: आधी जिट, आणि जे खरंच वापरलं जातं तेवढंच, फोन रिकामा आणि चार्जिंगला असताना, पक्कं करायचं. रिकामा आणि चार्जिंगला! मी ते वाचलं तेव्हा मला काकांचं दुकान आठवलं. डॉटनेटच्या घरातही हेच फिरून आलं. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत जे वापरात आहे त्याला आपोआप एनजेन, पुन्हा रिकाम्या वेळात. नव्या डॉटनेट कोअरमध्ये एनजेन राहिलं नाही. त्याच्या जागी २०१९ ला रेडी-टू-रन आलं, त्यात भाषांतर प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्याच मशीनवर होतं आणि फ्रेमवर्क थोडं बदललं तरी माल सादळत नाही. २०२२ च्या डॉटनेट ७ पासून नेटिव्ह एओटी, ज्यात जिट अजिबात सोबत जात नाही. टर्बो सीच्या कंट्रोल एफनाइनपासून निघालो आणि वीस वर्षांनी त्याच फाट्यावर उतरलो म्हणा. अर्थात मधल्या प्रवासात मराठी नावं नीट दिसायला लागली, हे काही कमी नाही.

काकांच्या दुकानात आता एसएसडीचं मशीन आहे, इन्व्हर्टर आहे, खताची विक्री पॉस मशीनवर आधार लावून होते आणि बिलाचा प्रोग्रॅम विकत घेतलेला आहे. तो किती सेकंदांत उघडतो ते मी मागच्या पेरणीला मोजलं. सांगत नाही.

ज्यांना गार आणि गरम सुरुवातीतला फरक डोळ्यांनी बघायचा आहे त्यांच्यासाठी आमच्या लॅबच्या शेवटच्या रांगेत एक जुनं, हार्ड डिस्कवालं मशीन मी मुद्दाम ठेवून घेतलंय. दर वर्षी भंगाराच्या यादीत त्याचं नाव येतं आणि दर वर्षी मी ते खोडतो. फायनलच्या प्रोजेक्टचा पहिला डेमो त्याच्यावर घेतो, समोर रिस्टार्ट करून. होस्टेलवर 'आमच्या लॅपटॉपवर तर लगेच उघडतं, सर' म्हणणाऱ्यांनी यावं. स्टॉपवॉच आपापल्या मोबाइलमधलं आणावं.